उजव्या टोकाचे सूर

२ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार-चमत्कार राहू दे बाजूला. तू फोन का उचलत नाहीस ते आधी सांग. चार रविवार झाले, मी लावतेय आणि घंटा आपली वाजून वाजून गप्प होतेय. शेवटी हा कागद घेतला. चौथीत शाळा सुटल्यापासून मी एवढं लिहिलेलं नाही, हात आत्ताच भरून आलाय. तेव्हा नीट वाच, आणि वाचून कपाटावर टाकू नकोस.

डिसेंबरात तू इथे येऊन गेलास. नाही म्हणू नकोस. संगीताच्या हॉलची झाडलोट करते ती बाई आमच्याच जिन्यात राहते. ती म्हणाली, "तुमचे भाऊ सकाळी आले, पियानो जुळवला आणि बाराच्या बसने गेले." बाराच्या बसने! हॉलपासून माझी खोली चार गल्ल्यांवर. मी काय तुला चावणार होते? मागच्या वर्षी पण तेच. बसस्थानकावर तुझ्या पाठीमागून मी एवढ्या हाका मारल्या की अर्धं स्थानक वळून बघायला लागलं. तू सरळ चालत गेलास.

वहिनी आजारी होती तेव्हा मी तुला हट्टी गाढव म्हणाले होते. त्याचा राग असेल तर तसं लिही. गाढव मागे घेते. हट्टी मागे घेणार नाही.

मी बरी आहे. इस्पितळाच्या लाँड्रीत अजून इस्त्रीच्या गरम रुळावरच आहे, चादरी आत सारायच्या आणि पलीकडून काढायच्या. गुडघे गेले, जीभ शाबूत आहे.

उत्तर पाठव.

तुझी,
ठिणगी

९ फेब्रुवारी

प्रिय ठिणगी,

तुझं पत्र मिळालं. राग मुळीच नाही. गाढवही राहू दे, त्यात चूक नव्हती.

फोन बिघडला आहे, दुरुस्त करायचं राहून जातं. बसस्थानकावर मी कुठल्यातरी विचारात असेन. डिसेंबरात खरंच घाई होती.

तुझ्याकडे एक काम आहे. सोबत प्रवेशिका ठेवली आहे. वीस तारखेला संध्याकाळी हॉलवर एक नावाजलेल्या बाई पियानो वाजवणार आहेत. सकाळी मी येऊन तो जुळवून जाईन. जुळवणाऱ्याला हॉल दर वेळी एक जागा देतो. सव्वीस वर्षांत बहुतेक वेळा मी त्या जागेवर बसून माझं काम कसं झालंय ते ऐकत आलो. यंदा संध्याकाळी दुसऱ्या गावी जायचं आहे. माझ्या जागी तू बस.

कसं ऐकायचं ते सांगतो. पियानोच्या बहुतेक पट्ट्यांमागे प्रत्येकी तीन तारा असतात. तिन्ही जुळल्या की एकच माणूस बोलतोय असं वाटतं. त्यातली एक जरी ढळली तरी आवाज थरथरतो, दोन माणसं एकच वाक्य बोलताहेत आणि एक जरा मागे पडलंय, असा. डावीकडे जाड आवाज, उजवीकडे बारीक. तू उजव्या टोकाकडे लक्ष ठेव.

तुला त्यातलं काही कळत नाही हे मला ठाऊक आहे. म्हणूनच तुला सांगतोय. कळणारे लोक फार सभ्यपणे बोलतात. लाँड्रीतल्या यंत्राचा आवाज जरा बदलला तरी तुझ्या आधी कुणाला कळत नाही, असं तुझी वहिनी कौतुकाने सांगायची. जे ऐकशील ते जसंच्या तसं लिही.

तुझा,
दादा

२१ फेब्रुवारी

दादा,

गेले, बसले, ऐकलं. आता लिहिते. मध्ये चहा करायला उठेन, तेव्हा कुठे तुटलं तर समजून घे.

सकाळी तू हॉलवर होतास आणि या वेळीही माझ्याकडे आला नाहीस. ते मी वेगळं मनात ठेवलंय.

चांगली साडी नेसून गेले. साबणाचा वास जात नाही तो नाहीच. शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा माझ्या पिशवीकडे, आणि मग छापील कागदात डोकं घातलं. तुझा पियानो पहिल्यांदा नीट बघितला. केवढं धूड ते! झाकण ट्रंकेसारखं वर टेकवलेलं आणि आत सगळ्या तारा उघड्या. एवढ्या सगळ्या तू एकेक करून पिळतोस होय? मला वाटायचं दोन-चार असतील.

बाई आली, वाकली, बसली. पहिलं जे वाजवलं त्याला काही अर्थ लागेना. खरं सांगायचं तर मी मनात चादरी मोजत होते. ते थांबलं तेव्हा मी म्हाताऱ्यांना विचारलं, "संपलं का हो?" ते म्हणाले, "हा फक्त पहिला भाग. तीन आहेत." मी म्हटलं, "अरे देवा." ते हसले. मग जरा ओळख झाल्यासारखं झालं.

दुसऱ्या भागात बाई सावकाश वाजवायला लागली आणि मी कान टवकारले. डावीकडे सगळं ठीक. भरलेल्या मोठ्या ड्रमसारखा आवाज, पोटात जाणारा. मधलं ठीक. उजवीकडे गेली आणि माझे दात शिवशिवले. तू लिहिलंस अगदी तसं, दोन माणसं, एक मागे पडलेलं. एकच सूर नाही, बरेच. जितकी टोकाला जाईल तितकं वाईट. एक तर असा की त्यात तिसरंही माणूस घुसलंय आणि तिघांचं भांडण चाललंय.

आजूबाजूला कुणाला काही वाटलं असं दिसलं नाही. म्हातारे डोळे मिटून डोलत होते. पण बाईला कळत होतं. उजवीकडे जायची वेळ आली की तिचा खांदा आखडायचा. बिघडलेल्या रुळावर उभी राहणारी बाई पहिल्या दिवशीच ओळखू येते आम्हाला, रूळ जवळ आला की खांदा वर. तसंच.

तू माझ्यावर ओरडशील म्हणून आधीच सांगते, तुझं काम वाईट म्हणत नाही. एवढे दिवे, एवढी माणसं, उकाडा, तारा सैल पडल्या असतील.

मध्यंतरात मी गप्प बसले नाही. आमच्याकडे नियम आहे. यंत्राचा आवाज बदललेला जिला आधी ऐकू येईल तिने ओरडायचं, कुणाला विचारत बसायचं नाही. त्या नियमाने माझ्या समोरचीचा हात वाचलाय. तर व्यवस्थापक दारात लोकांशी हसून बोलत उभा होता, काळा कोट घालून. मी सरळ गेले आणि म्हटलं, "साहेब, तुमचा पियानो उजवीकडून बिघडलाय. माझा भाऊ तो जुळवतो. त्याला बोलवा, घटकेत नीट करून देईल." चार लोकांनी माना वळवल्या. वळवू देत. म्हटलं याला कळू दे की बिघाड झाला तर कुणाला बोलवायचं असतं.

तू दुसऱ्या गावी, म्हणून प्रेक्षकांतूनच त्यांनी हे काम येणाऱ्या कुणालातरी उठवलं. मध्यंतर लांबलं. नंतर मात्र सगळं स्वच्छ. तीन वेळा खळबळून काढल्यासारखं.

सांगितलेलं काम केलं. आता तू ये, आणि या वेळी जेवून जा.

ठिणगी

२७ फेब्रुवारी

प्रिय ठिणगी,

फार चांगलं ऐकलंस. इतकं नेमकं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

दोन गोष्टी कळव. व्यवस्थापक नेमकं काय म्हणाला? आणि ज्याला उठवलं तो माणूस कसा होता, त्याने किती वेळ काम केलं?

तू केलंस त्यात काही चूक नाही.

दादा

३ मार्च

दादा,

चूक नाही म्हणजे? चूक आहे असं कोण म्हणालं? तू चार ओळी लिहितोस आणि त्यातली एक अशी घालतोस की माझ्या हातून चादर निसटते. असं करू नकोस.

विचारलंस ते सांगते. व्यवस्थापकाने मला बाजूला घेतलं. हळू बोलायला लागला. म्हणाला, "तुम्ही त्यांच्या बहीण का? त्यांची तब्येत बरी आहे ना?" मी म्हटलं, "तब्येत धडधाकट आहे, स्वभावच विचित्र झालाय. महिना झाला, फोन वाजतो आणि हा उचलत नाही. बसस्थानकावर दहा पावलांवरून हाका मारल्या तर मागे वळून बघितलं नाही. एवढा मोठा झालाय पण रुसतो पोरासारखा." मला वाटलं तोही हसेल. हसला नाही. "असं होय," म्हणाला आणि कितीतरी वेळ माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "सांगितलंत ते बरं केलंत बाई." आणि मला चहा देववला. कपबशीत.

तो माणूस करड्या कोटातला, तुझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान. मोटारीतून हत्यारांची पिशवी घेऊन आला. पियानोवर वाकला, उजवीकडच्या पट्ट्या एकेक दाबल्या. मग थांबून व्यवस्थापकाकडे बघितलं. अर्धा तास लागला असेल. लोक घड्याळं बघत होते. म्हातारे मला म्हणाले, "कान चांगला आहे हो तुमचा." आयुष्यात मला कुणी असं म्हटलं नव्हतं. घरी येईपर्यंत फुगले होते मी.

दादा, तुला आता हॉलचं बोलावणं आलंय ना? एप्रिलमध्ये पुन्हा कार्यक्रम आहे, भिंतीवर कागद लागलाय.

ठिणगी

१२ मार्च

प्रिय ठिणगी,

बोलावणं आलं नाही. पत्र आलं. सव्वीस वर्षांच्या सेवेबद्दल आभार मानले आहेत, खूप चांगल्या शब्दांत. पुढची कामं करड्या कोटातले गृहस्थ बघतील.

आता तुला सांगितलंच पाहिजे. फोन बिघडलेला नाही. त्याची घंटा बारीक आवाजाची आहे, एवढंच. बसस्थानकावर मी विचारात नव्हतो.

दोन वर्षं झाली. आधी शेवटच्या सात-आठ पट्ट्या गेल्या. मला वाटलं, तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांवरचा लोकरीचा नमदा झिजलाय. एका घरी नवा नमदा बसवून दिला, तरी तेच. मग कळलं की पियानो ठीक आहे. आता उजवीकडचा तिसरा हिस्सा गेलाय. पट्टी दाबली की लाकडावर लाकूड आपटल्याचा टक् एवढा आवाज येतो आणि त्यापुढे काही नाही. तीन तारा जुळत आल्या की आवाजाची थरथर मंद होत होत थांबते, त्या थांबण्यावरच आमचं सगळं काम असतं. मला थरथरही नाही आणि थांबणंही नाही.

तारेची खुंटी किती फिरवायची ते सव्वीस वर्षांनी हातालाच कळतं, असं मी स्वतःला सांगत होतो. डिसेंबरात कुणी काही बोललं नाही. ते सभ्यपणामुळे की काम बरं झालं होतं म्हणून, ते मला ठरवता येईना. विचारायला कुणी नव्हतं. म्हणून तुला बसवलं. मी विचारलं आणि तू उत्तर दिलंस. वीस तारखेला दुसऱ्या गावी काही काम नव्हतं. मी घरी बसून होतो.

तुझ्याकडे येत नव्हतो, कारण तू समोर बसून बोलली असतीस आणि तुला लगेच कळलं असतं.

डॉक्टर म्हणाले, कानात आत जे मरतं ते परत उगवत नाही. यंत्र लावलं तर माणसाचं बोलणं थोडं कळेल. सूर नाहीत कळणार.

तू स्वतःला दोष देऊ नकोस. ठिणगीला सांगून उपयोग नाही, तरी सांगतो.

दादा

१६ मार्च

दादा,

पत्र वाचून मी रूळ सोडला आणि बाहेरच्या पायरीवर जाऊन बसले. मुकादम म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, माझं तोंड."

मीच सांगितलं ना त्या व्यवस्थापकाला! फोन, हाका, सगळं. मी तुझ्या रुसण्याची गंमत सांगत होते आणि तो माझ्या तोंडून तुझा कान तपासत होता. चहा पाजला मला मेल्याने, आणि मी प्यायले.

काल सुट्टी टाकून हॉलवर गेले. म्हटलं, "साहेब, मी त्या दिवशी खोटं बोलले. मला काही ऐकू आलं नव्हतं. दिवसभर यंत्रांत उभी असते, माझेच कान खराब आहेत. त्याला परत घ्या." तो उठून उभा राहिला, मला खुर्ची दिली. म्हणाला, "बाई, तुमच्या आधी त्या पियानोवाल्या बाईंनीच सांगितलं होतं. आणि डिसेंबरात वाजवून गेले त्यांनीही. आम्हालाच त्यांना सांगायचं धाडस होत नव्हतं." मी म्हटलं, "मग मी बोलल्यावर बरं झालं धाडस?" भांडायला गेले होते, पण त्या माणसाशी भांडताही येईना. चांगला माणूस असला की कुठे पकडायचा तेच कळत नाही.

म्हणजे मी बोलले नसते तरी हेच होतं. हे तुला लिहिताना मला बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

आता ऐक. हवं तर दोनदा वाच. तू इकडे ये. माझी खोली दोघांना पुरते. लाँड्रीत घड्या घालायला माणूस हवाय. आमच्याकडे एवढा गोंगाट असतो की सगळ्याजणी हातवारे करूनच बोलतात. तिथे तुला कुणी काही विचारणार नाही, तू आमच्यासारखाच एक. मी शब्द टाकलाय.

हट्टीपणा करू नकोस. एकदाच.

ठिणगी

५ एप्रिल

प्रिय ठिणगी,

उत्तराला उशीर झाला. तू शब्द टाकलास, तो परत घे. तुझ्या लाँड्रीची घरघर मला छान ऐकू येईल, जाड आवाज सगळे शाबूत आहेत. दिवसभर तेवढंच ऐकत राहणं मला जमणार नाही. राग मानू नकोस.

इथल्या शाळेत एक जुना पियानो आहे. मागच्या आठवड्यात मी आपण होऊन गेलो आणि जुळवून दिला. तिथल्या बाईंनी अगदी मनापासून आभार मानले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. तीन दिवसांनी शाळेवरून जात होतो, खिडकीतून बघितलं तर दुसरा कुणीतरी पियानोवर वाकलेला होता आणि बाई दाराकडे बघत उभ्या होत्या, कुणी येत तर नाही ना म्हणून. मी रस्ता ओलांडून पलीकडून गेलो. त्यांना त्रास नको.

हत्यारं पुसून पेटीत ठेवली आहेत. आता कुणाकडे जात नाही.

तुझ्याकडे शेवटचं एक मागतो. अठरा एप्रिलला तुमच्याकडे कार्यक्रम आहे. करड्या कोटातले गृहस्थ पियानो जुळवतील. तो पियानो अवघड आहे, वरच्या खुंट्या सैल पडतात, दर वेळी त्यांची समजूत काढावी लागते. त्या गृहस्थांना ते माहीत आहे की नाही, मला कळायला मार्ग नाही. तू जाऊन ऐक. कसा लावलाय ते मला सांग. तू जे सांगशील ते मी मानेन.

दादा

१९ एप्रिल

दादा,

गेले होते. झाडलोटवालीने मला मागच्या दाराने आत घेतलं.

या वेळी एक म्हातारे वाजवणारे होते. हात थरथरायचे, पण पट्टीवर टेकले की थांबायचे. ते डावीकडे असले की मी दम घ्यायचे आणि उजवीकडे सरकले की मुठी आवळायचे. दोन माणसं शोधत होते मी. एक सूर तरी ढळू दे, एकच. म्हणजे तुला लिहिता आलं असतं की त्या करड्या कोटाला तुझा पियानो ओळखता येत नाही, तुझ्याशिवाय त्या खुंट्या कुणाचं ऐकत नाहीत. मध्यंतरात सुद्धा जागेवरून उठले नाही. वाटलं, पहिल्या भागात चूक नसेल सापडली, दिव्यांनी तापला की सापडेल.

नाही सापडली. दोन तास शोधली. तापल्यावरही नाही. एकच माणूस बोलत होतं, शेवटपर्यंत.

घरी येऊन तुला खोटं लिहायला बसले. दोन कागद लिहिले, दोन्ही फाडले. वाईट लावलाय असं लिहिलं असतं तर तू विश्वास ठेवला असतास, म्हणूनच लिहवेना. त्याने चांगला लावलाय दादा. तू लावायचास त्याहून चांगला की वाईट ते मला सांगता येणार नाही. तुझा मी कधी ऐकलाच नाही. सव्वीस वर्षं चार गल्ल्यांवर होता आणि मला एकदाही जाऊन बसावंसं वाटलं नाही. मी ऐकला तो एकदाच, फेब्रुवारीतला.

आणखी एक आहे. ते न लिहिता पाकीट बंद करता आलं असतं, पण मग मी त्या व्यवस्थापकासारखी झाले असते.

अगदी शेवटी ते म्हातारे टोकाला गेले, पार उजवीकडे, आणि तिथेच राहिले. बारीक बारीक सूर, एकेक करून, कुठलीच घाई नाही. काय होतं ते मला सांगता येत नाही. मी मुठी आवळायच्या विसरले. कशाला आले होते तेच विसरले. तू, मी, तुझे कान, काही आठवेना. लोक टाळ्या वाजवत उठले तेव्हा माझ्या ध्यानात आलं की माझ्या गालांवर पाणी आहे आणि ते तुझ्यासाठी नाहीये.

ठिणगी